खासदार झाले तरी भूमिहीनांचा लढा सोडला नाही : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

नाशिक : भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब, यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी झाला.

२ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. माणसं जमवून तो पाच वर्षं टिकवण्यात दादासाहेबांचा मोठा वाटा होता.

१९३७ ते १९४६ ते मुंबई विधानसभेत होते. १९५७ ला नाशिकमधून लोकसभेवर गेले. १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यानं पोट कसं भरायचं, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना कसायला द्या, यासाठी त्यांनी १९५९ ला सत्याग्रह केला. राज्यसभेत असतानाच डिसेंबर १९६४ मध्ये देशभर पुन्हा लढा उभारला. बायाबापड्यांसह लाखो माणसं तुरुंगात गेली.

१९६८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

गायरान कसणाऱ्या अनेकांचा सातबारा आजही त्यांच्या नावावर झालेला नाही. दादासाहेबांचं हे काम अजून बाकी आहे.