जिम कॉर्बेट : चुकलेल्या गोळीचे मोल जाणणारा शिकारी

२००४ सालच्या उन्हाळ्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचा बळी गेला आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत उद्यानाच्या कडेने राहणारी उपनगरे धास्तावली. माणसाला टाळणारे जनावर माणसावर का उठते, हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. या प्रश्नाचा माग एका माणसाने आयुष्यभर काढला होता, तोही बंदुकीच्या नळीमागे उभे राहून. एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट हे त्याचे नाव. हिमालयाच्या पायथ्याशी वाढलेल्या या शिकाऱ्याला जगभर पोहोचवणारे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कार्यालयातून प्रसिद्ध झाले, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते.

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालचा. वडील तेथील पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा या घराचा परिपाठ होता. कालाढुंगीच्या रानात जिमच्या हाती पहिली बंदूक आली ती तोंडाकडून ठासायची जुनी दुनळी. तिची एक नळी फाटलेली आणि दस्ता तारेने आवळलेला. अशी बंदूक एकदा उडवली की पुन्हा ठासण्यात बराच वेळ जाई. त्यामुळे जनावराच्या शक्य तितके जवळ जायचे आणि खात्री पटल्याखेरीज चाप ओढायचा नाही, ही शिस्त पोराच्या अंगी आपोआप बाणली. पुढे व्हॉलंटियर रायफल्सच्या कॅडेट तुकडीत असताना त्याला पॉइंट ४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. तिच्यातही एका वेळी एकच काडतूस बसे आणि खांद्याला बसणारा धक्का मोठ्या माणसालाही जड जाई. त्याच रायफलीने शाळकरी जिमने आपला पहिला बिबट्या टिपला.

शिक्षण अर्ध्यावर सोडून जिम बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या चाकरीत शिरला. गंगाकाठच्या मोकामा घाटावर मालाची चढउतार करून घेण्याचे कंत्राट त्याने वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. शिकार हा त्याचा कधीच पोटाचा धंदा नव्हता. रजा मिळाली की तो डोंगरात परते आणि तेथे नरभक्षकाची वार्ता त्याची वाट पाहत असे.

पहिली मोठी मोहीम १९०७ सालची, चंपावतच्या वाघिणीची. नेपाळात दोनशे आणि कुमाऊँत दोनशे छत्तीस, असे एकूण ४३६ बळी तिच्या नावावर होते. मोहीम हाती घेताना कॉर्बेटने सरकारपुढे दोन अटी ठेवल्या. वाघिणीवरचे बक्षीस मागे घ्यावे आणि इतर सर्व शिकाऱ्यांना रानातून परत बोलवावे. बक्षिसासाठी मारेकरी म्हणवून घेणे त्याला नको होते. शिवाय हौशी नेमबाजांच्या गर्दीत चुकून आपल्यालाच गोळी लागायची, ही धास्तीही होतीच.

चंपावतच्या तहसीलदाराने गावोगावचे लोक जमवले आणि सुमारे तीनशे माणसांनी डोंगर उतारावरून हाका केला. कॉर्बेटच्या हाती पॉइंट ५०० बोअरची, कॉर्डाइटवर चालणारी जड दुनळी होती. काडतुसे मात्र तीनच. दोन नळ्यांत दोन आणि अडीअडचणीसाठी एक, एवढी पुरतील असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. तिन्ही गोळ्या संपल्या तरी जखमी वाघीण उभीच होती. रिकामी रायफल टाकून कॉर्बेट तहसीलदाराकडे धावला आणि त्याची जुनी बंदूक घेऊन परतला. त्या बंदुकीच्या नळ्या सांध्यात नीट बसतही नव्हत्या. तोंडावर नेम धरून झाडलेली गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. आधीच्या गोळ्यांनी तिचा जीव जवळजवळ गेला होता, म्हणून निभावले.

त्याहून मोठा धडा वाघिणीच्या जबड्यात होता. तिचे उजव्या बाजूचे सुळे मोडलेले होते, वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. कोणा शिकाऱ्याची जुनी, नेम चुकलेली गोळी हे त्याचे कारण. नैसर्गिक भक्ष्य मारणे अवघड झाल्याने ती माणसांकडे वळली होती. चाप ओढणारा केव्हाच निघून गेला आणि त्याच्या एका चुकीची किंमत ४३६ कुटुंबांनी चुकवली. पुढे अनेक नरभक्षकांची कातडी सोलताना कॉर्बेटला असेच पुरावे सापडत गेले. मुक्तेश्वरच्या वाघिणीच्या अंगात साळिंदराचे सुमारे पन्नास काटे होते आणि तिचा एक डोळाही गेला होता. अपंगत्व, मग ते गोळीने आलेले असो, काट्याने वा म्हातारपणाने, हेच वाघाला माणसाकडे वळवते, हा त्याचा निष्कर्ष याच निरीक्षणांतून आला.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची पॉइंट २७५ रायफल भेट दिली. ही रायफल मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या रूढ समजुतींना छेद देणारी होती. वाघासाठी जाड नळीची, जड गोळीची दुनळीच हवी, असे तेव्हाचे बहुतेक शिकारी मानत. पॉइंट २७५ चे काडतूस म्हणजे मूळचे जर्मन ७ मिलिमीटर माउझर. बोअर युद्धात इंग्रजांनी त्याचा मारा पलीकडच्या बाजूने अनुभवला होता. पुढे रिग्बीने त्यालाच इंग्रजी माप आणि नवे नाव दिले. रिग्बीच्या हलक्या भारातील गोळी अवघी नऊ ग्रॅमची, पण सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने जाणारी. कॉर्बेटकडे जेफ्री कंपनीची पॉइंट ४५०/४०० दुनळीही होती. तिची गोळी सुमारे सव्वीस ग्रॅमची आणि वेग साडेसहाशे मीटरच्या आसपास.

या दोहोंतील निवड म्हणजे डोंगराची आणि जनावराची पारख होती. जड गोळीचा आघात मोठा. दाट झुडपात वीस पावलांवरून अंगावर येणारे जनावर थोपवायचे तर ती हवी. जवळजवळ लागोपाठ दोन बार काढता येतात, हा दुनळीचा आणखी एक फायदा. पण तिचे वजन दिवसभर चढउतार करणाऱ्याचे हात दुखवते, धक्का मोठा बसतो आणि अंतर वाढले की गोळी लवकर खाली झुकते. दरीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गोळी टाकायची तर वेगवान, सरळ जाणारी हलकी गोळी अचूक ठरते. मात्र ती नेमकी मर्मावरच बसली पाहिजे. जड गोळी थोडीफार चूक पोटात घालते, हलकी गोळी घालत नाही. म्हणजेच हलके काडतूस निवडणाऱ्याने संयमाची जबाबदारीही उचलायची असते. अंधारात नेम धरणेच कठीण असले तर रायफलीऐवजी छऱ्यांची बंदूक बरी, हेही कॉर्बेटने जाणले होते. १९१० साली पानारच्या बिबट्यावर त्याने रात्री तीच चालवली.

हलक्या रायफलीने त्याचा जीव वाचवला तो ११ एप्रिल १९३० रोजी. चौसष्ट बळी घेणाऱ्या चौगढच्या वाघिणीच्या मागावर तो एका घळीतून उतरत होता. डाव्या हातात वाटेत सापडलेली रातव्याची दोन अंडी आणि उजव्या हातात पॉइंट २७५. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्याने मागे पाहिले, तर आठ फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली. झटक्यात हालचाल केली असती तर तिने झेप घेतली असती. कॉर्बेटने एकाच हाताने रायफलीची नळी हळूहळू तिच्याकडे फिरवली आणि चाप ओढला. जड दुनळी एका हाताने अशी फिरवणे शक्यच नव्हते. गोळी मर्मी लागली. अंडी शाबूत राहिली आणि नंतर त्याने ती पुन्हा घरट्यात नेऊन ठेवली.

या मोहिमांत चुकाही झाल्या. चौगढला आदल्याच वर्षी त्याने म्हातारी वाघीण समजून तिच्या तरुण मुलीला मारले होते. १२५ बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ च्या २ मे रोजी पडला, तोवर तो कितीदा तरी हातून निसटला होता. वाघ वाचवण्याची भाषा बोलणारा हाच माणूस व्हाइसरॉयसाठी वाघांच्या शिकारी आखून देत असे. ही विसंगती नाकारता येत नाही. पण काळाबरोबर त्याची रायफल मागे पडत गेली आणि चित्रीकरणाचा कॅमेरा पुढे आला. वाघाला गोळी घालण्यापेक्षा त्याचे चित्र टिपण्यात त्याला अधिक कस दिसू लागला. १९३६ साली कुमाऊँच्या पायथ्याशी हेली राष्ट्रीय उद्यान हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. त्यामागच्या प्रयत्नांत कॉर्बेटचा मोठा वाटा होता.

१९४७ साली तो बहीण मॅगीसह केनियातील न्येरीला गेला. तेथेच १९ एप्रिल १९५५ रोजी त्याचे निधन झाले. त्यानंतर लवकरच कुमाऊँच्या उद्यानाला त्याचे नाव मिळाले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभही याच जंगलातून झाला. त्याआधीच्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला होता. वाघासाठी कोणते काडतूस न्यावे, हा प्रश्नच त्याने इतिहासजमा केला.

पॉइंट २७५ रायफल अनेक वर्षे त्याच्या प्रकाशकांच्या ताब्यात होती. पुढे ती रिग्बी कंपनीकडे परतली आणि २०१६ साली कुमाऊँच्या भेटीला आणली गेली. ज्या गावांत तिचा आवाज एकेकाळी सुटकेची खूण होता, तेथे आता ती केवळ पाहण्याची वस्तू होती. बंदूक भिंतीवर गेली, पण चंपावतच्या वाघिणीच्या मोडक्या सुळ्यांनी सांगितलेली गोष्ट उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या शहरालाही लागू पडते. जनावर माणसावर उठते तेव्हा त्याआधी माणसाचेच काही चुकले नाही ना, हे आधी तपासावे लागते.