झाडांची लॉग फाइल वाचणारा खगोलशास्त्रज्ञ

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीजवळचं आमचं जुनं घर पाडायला घेतलं. एक सागवानी तुळई आडवी कापली तर आत वलयंच वलयं! मी मोबाईलने फोटो काढला, झूम करून मोजली : ९६. काकांना ऐटीत सांगितलं की हे झाड किमान ९६ वर्षं जगलं. त्यांनी शांतपणे विचारलं, पण ते तोडलं कोणत्या साली? माझी बोलती बंद.

हाच प्रश्न जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने सोडवला. गंमत म्हणजे तो झाडांचा नाही, ताऱ्यांचा अभ्यासक होता.

अँड्र्यू डग्लस यांचा जन्म १८६७ चा, अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातला. सुरुवातीला ते हार्वर्डच्या वेधशाळेत होते. १८९४ मध्ये पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत खगोलप्रेमीसाठी त्यांनी अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथे वेधशाळेची जागा निवडली. मंगळावर बुद्धिमान जीवांनी खोदलेले कालवे आहेत, असं लॉवेल यांचं ठाम मत होतं. डग्लस यांनी साधा प्रयोग केला : लांब ठेवलेले नकली ग्रह दुर्बिणीतून पाहिले. नसलेल्या रेषा तिथेही दिसल्या! म्हणजे घोळ डोळ्यांचा होता. ही शंका त्यांनी पत्रात लिहिली आणि १९०१ मध्ये त्यांची नोकरी गेली.

पोटापाण्यासाठी ते तिथेच स्थानिक न्यायाधीश झाले, स्पॅनिश शिकवू लागले. डोक्यात मात्र सूर्य होता. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होतात. त्याचा पावसावर परिणाम होत असेल, तर कोरड्या अ‍ॅरिझोनातल्या झाडांत त्याची नोंद सापडायला हवी. १९०४ पासून ते पाइनच्या ओंडक्यांची वलयं मोजायला लागले.

वलय बनतं कसं? वाढीच्या हंगामात झाड मोठ्या, फिकट पेशी तयार करतं. हंगाम संपताना लहान, गडद. फिकट आणि गडद मिळून एक वर्ष. कोरड्या प्रदेशात पाऊस चांगला झाला तर वलय रुंद, दुष्काळ पडला तर अरुंद.

पण एक मेख आहे. फार वाईट वर्षी झाड वलय बनवतच नाही, तर कधी एका वर्षात दोन भासतात. म्हणून नुसती मोजणी फसते. डग्लस यांनी मोजण्याऐवजी पॅटर्न जुळवला. फ्लॅगस्टाफच्या झाडांमधली रुंद-अरुंद वलयांची मालिका दूरच्या प्रेस्कॉटमधल्या झाडांतही तशीच निघाली.

आमच्या भाषेत सांगतो. एका लॉग फाइलमध्ये तारखा आहेत, दुसरीत नाहीत. पण दोन्हीत एररचा क्रम सारखाच आहे. मग दुसरीलाही तारखा देता येतात. आज तोडलेल्या झाडाचं शेवटचं वलय या वर्षीचं, हे नक्की. त्याच्या आतल्या वलयांशी जुन्या तुळईची बाहेरची वलयं जुळली, की साखळी मागे सरकते.

अशा दोन साखळ्या डग्लस यांनी बनवल्या. एक आजपासून तेराव्या शतकापर्यंतची. दुसरी ५८५ वर्षांची, मूळ अमेरिकनांच्या प्राचीन वस्त्यांमधल्या तुळयांची, पण तारखा नसलेली. दोघींना जोडणारा दुवा सापडेना. अखेर २२ जून १९२९ रोजी शो लो या गावी एक अर्धवट जळालेली तुळई मिळाली. तिला नंबर दिला एचएच-३९. त्याच दिवशी साखळी जुळली आणि प्वेब्लो बोनितो ही प्रचंड वसाहत दहाव्या ते बाराव्या शतकातली ठरली. १२७६ ते १२९९ चा भीषण दुष्काळही लाकडात स्पष्ट दिसला.

१९३७ मध्ये त्यांनी टुसॉनला वलय-संशोधनाची प्रयोगशाळा काढली. जागा मिळाली फुटबॉल स्टेडियमच्या खाली! १९६२ मध्ये, ९४ व्या वर्षी ते गेले. आयुष्यभर शोधलेल्या सूर्यडागांच्या चक्राचा पक्का पुरावा झाडांत त्यांना मिळाला नाही. त्यासाठी बनवलेलं साधन मात्र आज जगभर वापरलं जातं.

आपल्याकडेही. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याआधीच्या पावसाच्या नोंदी तुटक. आंब्या-फणसात वर्षाची वलयं स्पष्ट दिसत नाहीत, पण साग कोरड्या ऋतूत पानं गाळतो, म्हणून त्यात दिसतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाणे भागातल्या सागावर १९८० च्या दशकातच काम केलं. जिवंत झाड तोडावंही लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढा नमुना काढता येतो.

काकांना उत्तर अजून देता आलेलं नाही. सालीजवळचा पांढरट भाग सुताराने तासलेला, त्यामुळे शेवटची काही वलयं गेलेलीच आहेत. बाकीच्या तुळया विकल्या, पण एक चकती मी ठेवून घेतली आणि मागे गावाचं नाव आणि घरातली जागा लिहिली. तुमच्याकडे जुनं घर पाडत असतील, तर लाकूड वखारीत जाण्याआधी एक चकती नक्की कापून ठेवा. डग्लस यांची साखळी अशाच एका जळक्या तुकड्याने जुळली होती.