मुलांच्या पुस्तकात पशुपक्षी आणणारे उपेंद्रकिशोर

कोलकाता शहरातील बंगाली मुलांच्या अनेक पिढ्या ज्या चिमुकल्या पक्ष्याच्या करामती ऐकत वाढल्या, त्या टुनटुनीला, म्हणजे आपल्याकडच्या शिंपी पक्ष्याला, पुस्तकात आणले ते उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी. लेखक, चित्रकार, संगीतज्ञ आणि मुद्रणतज्ज्ञ अशी त्यांची ओळख आहे. मात्र या साऱ्या विद्या त्यांनी प्रामुख्याने लहान मुलांसाठी राबवल्या.

उपेंद्रकिशोर यांचा जन्म 1863 साली तत्कालीन मैमनसिंह जिल्ह्यातील मसुआ या गावी झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. त्यांचे मूळ नाव कामदारंजन. पाच वर्षांचे असताना नात्यातील एका जमीनदाराने त्यांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव बदलले. शिक्षणासाठी ते कोलकात्यास आले, 1884 साली पदवीधर झाले आणि ब्राह्मो समाजात सामील झाले. समाजसुधारक द्वारकानाथ गंगोपाध्याय यांच्या कन्या विधुमुखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

चित्रांनी केलेली निराशा

मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले आणि त्यासाठी स्वतः चित्रेही काढली. त्या काळी चित्र छापायचे म्हणजे ते दुसऱ्या कारागिराने लाकडी ठोकळ्यावर कोरावे लागे. या खटाटोपात मूळ चित्रातील बारकावे हरवले आणि छापील चित्रे पाहून उपेंद्रकिशोर निराश झाले. मात्र दोष कारागिराला देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी ब्रिटनमधून पुस्तके, यंत्रे व रसायने मागवली आणि हाफटोन मुद्रणाचा अभ्यास सुरू केला. या पद्धतीत जाळीच्या काचेतून छायाचित्र घेऊन चित्राचे रूपांतर लहान-मोठ्या ठिपक्यांत केले जाते. ठिपके मोठे तेथे छटा गडद, लहान तेथे फिकी.

1895 साली त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला. पुढे तो यू. राय अँड सन्स या नावाने प्रसिद्ध झाला. हाफटोनच्या गणितावरील त्यांचे लेख 'पेनरोज अॅन्युअल' या ब्रिटिश वार्षिकात प्रसिद्ध झाले. कोलकात्यात जवळजवळ एकट्याने केलेल्या या संशोधनाची दखल युरोपातील मुद्रणतज्ज्ञांनी घेतली.

टुनटुनी आणि संदेश

या तंत्राचा लाभ मुलांना झाला. 'सेकालेर कथा' या 1903 सालच्या सचित्र पुस्तकात त्यांनी पृथ्वीवरील प्राचीन, नामशेष प्राण्यांची माहिती दिली. 1910 साली 'टुनटुनीर बोई' प्रसिद्ध झाले. रात्रीच्या जेवणापूर्वीच मुलांना झोप लागू नये म्हणून पूर्व बंगालमधील स्त्रिया ज्या गोष्टी सांगत, त्या त्यांनी यात संकलित केल्या. वांग्याच्या झाडावर घरटे करणारी टुनटुनी मांजरीला चकवते, राजालाही जेरीस आणते. शिकवण्याच्या मिषाने कोल्हा मगरीची पिल्ले फस्त करतो. दुर्बळाने बुद्धीच्या बळावर बलवंतावर मात करावी, हा यातील बहुतेक गोष्टींचा गाभा आहे.

1913 साली त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे वार्ता आणि मिठाईसुद्धा. गोष्टी, कोडी, विज्ञान, प्राणिजगत आणि चित्रे यांनी मासिक सजू लागले. परंतु मधुमेहाने उपेंद्रकिशोर खंगत गेले. इन्सुलिनचा शोध लागण्यास अद्याप काही वर्षे होती. 20 डिसेंबर 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 52व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इंग्लंडमध्ये मुद्रणशास्त्र शिकून आलेले त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनी मासिकाची धुरा सांभाळली. मात्र 1923 साली काळा आजाराने त्यांचाही मृत्यू झाला आणि पुढे कर्जबाजारी झालेला व्यवसाय कुटुंबाच्या हातून गेला. गडपार रस्त्यावरील राहते घरही सोडावे लागले. त्या वेळी सुकुमार यांचे पुत्र सत्यजित लहान होते. आजोबांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. याच नातवाने 1961 साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह 'संदेश' पुनरुज्जीवित केले आणि 1969 साली आजोबांच्या गुपी-बाघाच्या कथेवरील चित्रपट पडद्यावर आणला. छापखाना गेला, घर गेले, पण वांग्याच्या झाडावरील टुनटुनीचे घरटे मात्र शाबूत राहिले.