रेव्हरंड नारायण वामन टिळक : आगगाडींतील एक भाकीत

महाराष्ट्राचे ख्रिस्ती कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव आपल्या जिल्ह्यांत ज्यानें ऐकलें नाहीं असा विद्यार्थी विरळाच. त्यांच्या फुलांमुलांवरील कविता आपण लहानपणीं म्हटल्या आहेत. परंतु त्यांच्या चरित्रांतील एका प्रसंगावरून एक कठीण प्रश्न मनांत उभा राहतो. पुढें होणारें सर्व देवाला आधींच ठाऊक असेल, तर मनुष्य आपल्या इच्छेनें वागतो असें कसें म्हणावें?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. लहानपणींच आईचें छत्र हरपलें, वडिलांशीं पटेना. घर सोडून ते नाशिकास आले व तेथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. पुढें लक्ष्मीबाईंशीं विवाह झाला. मनाची ओढ धर्मशोधाकडे असल्यामुळें एका ठिकाणीं फार दिवस राहणें त्यांना जमलें नाहीं.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन गृहस्थाची व त्यांची गांठ पडली. बोलणें काव्यावरून धर्मावर आलें. निरोप घेतांना त्या गृहस्थानें त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांना तें चमत्कारिक वाटलें. पुस्तक वाचण्याचें तेवढें त्यांनीं कबूल केलें. वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचन आलें, आणि मग पुस्तक खालीं ठेववेना.

तरी निर्णय सोपा नव्हता. पत्नी, मूल, आप्त, जात, सारें एकीकडे होतें. ते वाचीत राहिले, विचार करीत राहिले, कचरत राहिले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस रेव्हरंड तुकारामजी नाथोजी यांच्या हस्तें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा एतद्देशीय पाळकाच्याच हातून व्हावा ही त्यांची इच्छा होती. भाकीत खरें ठरलें.

तर मग टिळक स्वतंत्र नव्हते काय? तो गृहस्थ मनुष्य होता. त्याचा अंदाज चुकूं शकला असता. देवाचें ज्ञान तर चुकत नाहीं. या शंकेंत जाणणें आणि करविणें यांची गल्लत होते. बोएथियस व थॉमस अक्विनास या प्राचीन ख्रिस्ती पंडितांचा विचार असा कीं, देव काळाच्या ओघांत उभा राहून पुढचें पाहत नाहीं. सर्व काळ त्याच्यासमोर एकदमच आहे. आपण चांदबिबीच्या महालावर, म्हणजे वस्तुतः सलाबतखानाच्या मकबऱ्यावर, चढून पाहिलें तर खालच्या रस्त्यावरील वाटसरूच्या मागची व पुढची वाट आपणांस एकदम दिसते. त्याला मात्र समोरचें वळणही दिसत नाहीं. पण आपल्या पाहण्यानें त्याचे पाय चालत नाहींत. ते तोच चालवितो. दृष्टांत अपुरा आहे, आणि या बाबतींत ख्रिस्ती मंडळ्यांत मतभेदही आहेत. पण पेत्राची गोष्ट पाहा. तो आपणांस नाकारील हें प्रभूनें आधींच सांगितलें होतें; तरी कोंबडा आरवल्यावर पेत्रानें दोष प्रभूच्या ज्ञानावर टाकला नाहीं. तो स्वतःच्या अपराधाबद्दल रडला.

टिळकांना आपल्या निर्णयाची किंमत द्यावी लागली. लक्ष्मीबाईंची व त्यांची ताटातूट झाली. टिळक अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) आले. अमेरिकन मराठी मिशनचें कार्य येथें १८३१ पासून चाललें होतें. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई मुलास घेऊन आल्या, तरी सोवळें त्यांनीं सोडलें नव्हतें. टिळकांनीं बळजबरी केली नाहीं. त्यांची चूल निराळी राहूं दिली. पुढें जातिभेद देवानें नव्हे, मनुष्यानें केला, हें लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचारानें पटलें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ज्याचा देवाच्या ज्ञानावर भरंवसा आहे, त्याला दुसऱ्याच्या इच्छेवर जुलूम करण्याची गरज पडत नाहीं, हेंच टिळकांच्या या वागण्यांत दिसतें.

१९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. बालकवि ठोंबरे यांना त्यांनीं पुत्राप्रमाणें घरांत ठेवून घेतलें. १९१७ सालीं संन्यस्त वृत्ति धरून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. १९०९ सालीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. तेंही त्यांनीं आपखुशीनें पत्करलेलें काम होतें.

विद्यार्थी मित्रहो, व्हायचें तें होईल असें म्हणून आपण कितीदां तरी अभ्यास टाळतों, चूक झांकतों, क्षमा मागणें उद्यांवर ढकलतों. पुस्तक हातीं आल्यावर तें उघडावें कीं नाहीं हें टिळकांनाच ठरवावें लागलें. आपला उद्यांचा दिवस देवाला ठाऊक आहे हें खरें. पण तो आपण कसा घालवावा, हें त्यानें आपल्याच हातीं ठेविलें आहे.