तुल्लियो कांपान्योलो

इटली देशाच्या ईशान्य भागात विचेंझा नावाचे एक जुने नगर आहे. तेथे १९०१ सालच्या ऑगस्ट महिन्यात तुल्लियो कांपान्योलो यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्यामुळे हत्यारांशी आणि धातूंशी त्यांचा परिचय बालपणापासूनच झाला. तथापि त्यांचे चित्त खरे रमे ते सायकलीवर. ऐन तारुण्यात ते हौशी स्वार म्हणून शर्यतींत उतरू लागले.

त्या काळी शर्यतीतील स्वाराचे कष्ट केवळ पाय मारण्यापुरते नसत. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दातेरी चक्रे असत. एका अंगाचे लहान, सपाटीवर वेगाने जाण्यासाठी, व दुसऱ्या अंगाचे मोठे, चढणीसाठी. घाट लागला की स्वाराने खाली उतरावे, चाकाचे नट सैल करावे, चाक काढून उलटे बसवावे, साखळी चढवावी, नट पुन्हा आवळावे आणि मग घाट चढू लागावे, असा परिपाठ होता. पाना जवळ बाळगावा लागू नये म्हणून या नटांना पाखराच्या पंखांसारखे दोन कान ठेवलेले असत. बोटांनी ते फिरविता येत. मात्र बोटे शाबूत असली पाहिजेत!

१९२७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एका शर्यतीत क्रोचे द'आउने नावाच्या डोंगरी घाटात कांपान्योलो यांच्यावर असाच प्रसंग ओढवला, असे सांगतात. बर्फ पडत होते. थंडीने हात बधिर झाले होते. घाटासाठी चाक उलटविणे भाग होते, पण गोठलेले नट बोटांना दाद देईनात. त्यांची धडपड चालू असताना इतर स्वार पुढे निघून गेले. या हकीकतीच्या तपशिलाविषयी अभ्यासकांनी पुढे शंका घेतल्या आहेत. परंतु ज्या अडचणीतून कांपान्योलो यांचा शोध जन्मास आला, ती अडचण त्या काळच्या प्रत्येक स्वाराच्या परिचयाची होती, यात संशय नाही.

वडिलांच्या दुकानामागील जागेत ते खटपट करू लागले. त्यांनी काढलेली युक्ती मोठी सुबक होती. चाकाची आस त्यांनी पोकळ केली व तिच्यातून एक बारीक पोलादी सळई आरपार नेली. सळईच्या एका टोकास नट व दुसऱ्या टोकास लहानशी तरफ बसविली. तरफेच्या मुळाशी असलेला वाटोळा भाग मुद्दामच एका बाजूस सरकविलेला होता. तरफ उलटविली की तो भाग सळईस ओढून धरी आणि दोन्ही बाजूंनी सायकलीचा सांगाडा चाकावर घट्ट दाबला जाई. तरफ पुन्हा उलट दिशेस वळविली की चाक मोकळे! बधिर हातांनाही हे काम क्षणात करता येई.

१९३३ साली त्यांनी विचेंझा येथे स्वतःचा कारखाना काढला. स्वाराला खाली न उतरता साखळी हलविता यावी, यासाठी त्यांनी दोन लांब दांड्यांचे एक यंत्रही तयार केले. स्वाराने धावत्या सायकलीवरून मागे हात नेऊन एका दांडीने मागचे चाक सैल करावयाचे, पाय उलटे फिरवीत दुसऱ्या दांडीने साखळी सरकवावयाची आणि चाक पुन्हा आवळावयाचे! वाचतानाच छाती दडपते. परंतु जीनो बार्ताली या इटालियन वीराने १९४८ साली हेच यंत्र लावून फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत जिंकली. लवकरच कांपान्योलो यांनी याहून सोपे व निर्धोक यंत्र काढले आणि त्यांचे नाव जगभर पसरले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे जमा झाली. १९६६ साली त्यांनी बाटलीचे बूच काढण्याचे एक भले मोठे हत्यारही बनविले. ज्या वस्तूशी झगडावे लागे ती वस्तू सुधारल्यावाचून त्यांना राहवत नसे. १९८३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची तरफ मात्र लहानमोठ्या असंख्य सायकलींवर राहिली. ती वापरण्याची रीत ठाऊक नसली तर तीच तरफ घात करी. पुष्कळ लोक तिला नट समजून गरगर फिरवीत. वस्तुतः ती फिरवावयाची नसून उलटवून दाबावयाची असते. अर्ध्या वाटेवर तिचा विरोध जाणवू लागला पाहिजे आणि ती पुरती मिटताना तळहातावर तिचा ठसा उमटला पाहिजे. तरच चाक पक्के बसले असे समजावे.

पुढे सायकलींना डिस्क ब्रेक आले आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. पूर्वीचा ब्रेक चाकाच्या कडेस धरी. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याजवळील लहान चकतीस धरतो. चकती लहान असल्यामुळे तेवढ्याच थांबण्यासाठी तिच्यावर सुमारे चौपट जोर द्यावा लागतो. पुढच्या चाकाचा हा ब्रेक बहुधा फोर्कच्या मागच्या अंगास बसविलेला असतो. तेथे चकती फिरताना वर जात असते. म्हणून तिला अडविणारा जोर चाकास खाली ढकलतो. आस ज्या खाचेत बसते, त्या खाचेचे तोंडही खालीच उघडे असते! तरफ ढिली असली तर चाक खाचेतून निसटू शकते. २००३ साली एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा धोका गणिताने मांडला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. खाचेच्या टोकाशी चाक अडविणारे उंचवटे अनेक फोर्कना असतात. काही कारखान्यांनी खाचांची दिशाही बदलली.

दुसरा धोका तरफेचाच होता. काही तरफा अर्ध्या वर्तुळाहून अधिक उघडत. अशी तरफ मिटावयाची राहून गेली तर ती मागे लोंबकळून चकतीत अडके आणि धावते चाक एकाएकी थांबे. अशा एका अपघातात स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले. २०१५ साली अमेरिकेत एका कंपनीने याच कारणासाठी सुमारे ९ लाख सायकलींवरील तरफा विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले.

अखेरीस कारागीरांनी खाचच काढून टाकली. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींत फोर्कच्या दोन्ही टोकांस बंद भोके असतात; त्यांतून एक जाड आस आरपार घालून फोर्कमध्येच पिळून बसवितात. ती काढल्यावाचून चाक बाहेर पडतच नाही. २०१७ साली विचेंझाच्या कांपान्योलो कंपनीने शर्यतीच्या सायकलींसाठी डिस्क ब्रेक बाजारात आणले, तेव्हा त्यांच्यासाठी बनविलेल्या चाकांतही १२ मिलिमीटर जाडीची अशीच आस घालण्याची सोय होती.