फ्रँक्लिनचा चष्मा

अमेरिकेतील बोस्टन शहरी १७ जानेवारी १७०६ रोजी, साबण व मेणबत्त्या करणाऱ्या एका कारागिराच्या घरी बेंजामिन फ्रँक्लिनचा जन्म झाला. भावंडे पुष्कळ, त्यामुळे त्याची शाळा दोन वर्षांतच सुटली. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. दिवसा काम करावे आणि उसनी आणलेली पुस्तके रात्री जागून वाचावीत, असा त्याचा क्रम असे. पुढे फिलाडेल्फियात त्याने स्वतःचा छापखाना काढला, वाचनालय स्थापिले आणि विजेपासून इमारतींचे रक्षण करणारी सळई शोधून काढली.

सन १७७६ मध्ये अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडची सत्ता झुगारून दिली. युद्ध पेटले, पण जवळ ना पुरेसा पैसा, ना दारूगोळा. फ्रान्सने हात दिला तरच निभाव लागणार होता. ती मदत मिळविण्यासाठी जे वकील धाडण्यात आले, त्यांत सत्तर वर्षांचा फ्रँक्लिन होता.

या वयात त्याचे डोळे थकले होते. लहानपणी डोळ्यातील भिंग लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगीर होते, दूरचे पाहताना चपटे होते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वय वाढते तसे हे भिंग ताठर होत जाते. मग पुस्तक हातभर दूर धरावे लागते आणि नाकावर चाळिशी येते. चष्म्याच्या काचेला मात्र आपला आकार बदलता येत नाही. म्हणून फ्रँक्लिन दोन चष्मे बाळगी. प्रवासात वाचता वाचता बाहेरचा देखावा पाहावासा वाटला, की एक काढावा, दुसरा घालावा. आणि हवा तोच नेमका हाताशी नसावा!

अखेर त्याने दोन्ही चष्म्यांची भिंगे मधोमध आडवी कापविली. दूरच्या दृष्टीचे कमी फुगीर अर्धुक वर आणि वाचनाचे अधिक फुगीर अर्धुक खाली, असे त्याने एकाच चौकटीत बसवून घेतले. आता केवळ नजर वरखाली केली की काम भागे.

फ्रान्समध्ये या चष्म्याचा एक निराळाच लाभ झाला. भरभर बोललेली फ्रेंच त्याला नीट उमगत नसे. मेजवानीच्या वेळी खालच्या भिंगातून ताटातले पदार्थ दिसत, तर वरच्यातून समोरच्या माणसाचा चेहरा दिसे. ओठांची हालचाल दिसली म्हणजे शब्दही समजे. परक्या दरबारी वावरणाऱ्या वकिलाला हे काही लहानसहान साहाय्य नव्हे.

१७७८ मध्ये फ्रान्सशी तह झाला, आणि १७८३ मध्ये इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. १७८५ च्या मे महिन्यात, पॅरिसजवळील पासी गावाहून एका इंग्रज मित्रास लिहिलेल्या पत्रात फ्रँक्लिनने या चष्म्याची रचना समजावून दिली. त्याच वर्षी तो मायदेशी परतला. १७ एप्रिल १७९० रोजी फिलाडेल्फियात त्याचे निधन झाले.

आपल्या कोणत्याही शोधाचा मक्ता त्याने घेतला नव्हता. ज्या चष्मेवाल्यास भिंगे कापून तसा चष्मा करावासा वाटे, त्याने तो खुशाल करावा.