बाबुराव शेडमाके

बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके (१२ मार्च १८३३ – २१ ऑक्टोबर १८५८) हे इ.स. १८५७-५८ च्या उठावात चांदा (आजचे चंद्रपूर) परिसरात ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीविरुद्ध लढलेले गोंड जमीनदार व क्रांतिकारक होते. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यात जन्मलेल्या बाबुरावांनी जंगोम दल उभारले आणि काही महिने चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत इंग्रजांना झुंज दिली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. शिकारीची पारंपरिक शस्त्रे व जंगलाची माहिती यांच्या बळावर बंदूकधारी फौजेशी झालेला संघर्ष म्हणूनही त्यांचा लढा अभ्यासला जातो.

जन्म व बालपण

बाबुरावांचा जन्म आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात किष्टापूर येथे झाला. वडिलांचे नाव पुल्लेसूरबापू व आईचे नाव जुर्जाकुंवर असे होते. राजगोंड समाजातील या घराण्याकडे मोलमपल्लीची जमीनदारी होती. बाबुरावांचे प्रारंभीचे शिक्षण गोटुलमध्ये झाले. गोटुल ही गोंड समाजातील तरुणांची सामुदायिक संस्था होय. गीत, नृत्य, समाजाचे रीतिरिवाज आणि शस्त्रांचा वापर यांचे शिक्षण तेथे मिळत असे. पुढे इंग्रजी शिकण्यासाठी वडिलांनी त्यांना रायपूरला पाठविले. शिक्षणानंतर ते मोलमपल्लीस परतले. राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोंडी, तेलुगू व हिंदी या भाषा बोलल्या जाणाऱ्या सीमाभागात वाढल्यामुळे आणि इंग्रजी शिक्षणाची ओळख झाल्यामुळे जंगलातील गावे व नवी राजवट या दोन्हींचे व्यवहार त्यांना जवळून पाहता आले.

राजकीय पार्श्वभूमी

चांद्याचे गोंड राज्य इ.स. १७५१ मध्ये नीळकंठशहाच्या पराभवानंतर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. मात्र वैनगंगेच्या पूर्वेकडील घनदाट जंगलातील गोंड जमीनदारांचे स्थानिक अधिकार बऱ्याच अंशी टिकून राहिले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने दत्तक वारस नामंजूर केला व १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदा जिल्हाही कंपनीच्या अंमलाखाली आला. १८५७ चा उठाव उत्तरेत पेटला तेव्हा या भागातील इंग्रजी राजवट जेमतेम तीन वर्षांची होती. कॅप्टन डब्ल्यू. एच. क्रिक्टन हा त्या सुमारास चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता.

शिकारीची शस्त्रे व बंदूक

बाबुरावांच्या लढ्याचे स्वरूप समजण्यासाठी या प्रदेशातील शिकारीची परंपरा लक्षात घ्यावी लागते. गोंड व माडिया गावांत पारध ही सामूहिक बाब होती. काही जण हाकारा करीत व काही जण जनावरांच्या वाटांवर दबा धरून बसत. वारा कोणत्या दिशेने वाहतो, सांबर कोणत्या पाणवठ्यावर येते, रानडुक्कर कोणत्या नाल्याने निसटते, या माहितीवर शिकारीचे यश अवलंबून असे. तीरकमठा हे शिकारीचे मुख्य शस्त्र होते. कमठा बांबूचा असे. त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची केलेली असे. तीराला लोखंडी पाते व मागे पिसे लावीत. त्याच्या जोडीला कुऱ्हाड व भाला असे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मध्य भारतात ठासणीच्या बंदुका सर्वत्र परिचित होत्या. काहींना तोड्याने बत्ती द्यावी लागे, तर काहींना टोपी लावावी लागे. तीरकमठा व बंदूक यांचे गुणदोष परस्परांच्या उलट होते. बंदुकीचा मारा लांबचा होता व तिची जखम अधिक घातक होती. तीर अचूक लागायचा तर शिकाऱ्याला सावजाच्या काही पावलांवर जावे लागे. उलट बंदूक भरण्यास वेळ लागे. शिकलेला शिपाईही मिनिटाला दोन-तीन बारांपलीकडे जात नसे. तेवढ्या वेळात तिरंदाज अनेक तीर सोडू शके. बंदुकीचा आवाज व धूर मारणाऱ्याची जागा उघड करी. तीर मात्र आवाज न करता सुटे. पावसाळ्यात दारू सर्दाळे आणि तोडा विझे.

सर्वांत मोठा फरक पुरवठ्याचा होता. कमठा मोडला तर जंगलातील बांबूपासून दुसरा करता येई आणि पाते गावचा लोहार घडवी. दारू, शिसे व टोप्या बाहेरून आणाव्या लागत. तो पुरवठा राजवटीला रोखता येत असे. म्हणून दाट जंगलात व जवळच्या अंतरावर तीरकमठा उपयोगी होता, तर मोकळ्या मैदानात शिस्तबद्ध बंदूकधाऱ्यांपुढे तो अपुरा पडे. बाबुरावांच्या मोहिमेत या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो.

जंगोम दल

२४ सप्टेंबर १८५७ रोजी बाबुरावांनी जंगोम दलाची स्थापना केली. जंगोम या गोंडी शब्दाचा अर्थ जागृती असा सांगितला जातो. आसपासच्या गावांतील सुमारे पाचशे गोंड, माडिया व इतर आदिवासी तरुण या दलात सामील झाले, असे मानले जाते. पारधीत वापरली जाणारी शस्त्रे हीच त्यांची प्रमुख शस्त्रे होती. त्यांच्याबरोबर बाबुरावांनी रोहिले सैनिकही आपल्याकडे वळविले. रोहिले हे त्या काळी मध्य भारतात व निजामाच्या मुलखात पगारावर लढणारे योद्धे होते आणि बंदुकीच्या वापरात सराईत होते. जंगलाची वाट जाणणारे तिरंदाज व बंदूक चालविणारे रोहिले अशी मिश्र फौज त्यांनी उभी केली. केवळ पारंपरिक शस्त्रांवर विसंबून राहण्याचा त्यांचा विचार नव्हता, हे यावरून दिसते.

उठाव

मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी राजगड परगण्यावर हल्ला करून तो ताब्यात घेतला. ही बातमी कळताच क्रिक्टनने चांद्याहून फौज रवाना केली. नांदगाव-घोसरी येथे दोन्ही बाजूंची गाठ पडली. या लढाईत जंगोम दलाने कंपनीच्या तुकडीला मागे हटविले. अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव हेही बाबुरावांना येऊन मिळाले. त्यामुळे उठावाचे क्षेत्र वैनगंगा व प्राणहिता यांच्या खोऱ्यात विस्तारले.

यानंतर बाबुरावांनी गढीसुर्ला येथील डोंगराचा आश्रय घेतला. कंपनीच्या फौजेने डोंगराला वेढा घालून बंदुकींचा मारा केला. जंगोम दलाने वरून दगड लोटून चढणाऱ्या शिपायांना रोखले. उंचावरील जागा आणि झाडीचा आडोसा यांमुळे बंदुकीच्या लांब पल्ल्याचा फायदा येथे फारसा उरला नाही. एप्रिल १८५८ मध्ये सगणापूर व बामनपेठ येथेही चकमकी झाल्या. लढाईनंतर जंगलात पांगणे व दुसरीकडे पुन्हा एकत्र येणे, ही पारधीतून अंगवळणी पडलेली पद्धत या काळात वारंवार दिसते.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीकाठच्या चिंचगुंडी येथील तारायंत्र खात्याच्या तळावर रात्री हल्ला झाला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी ठार झाले. त्यांचा सहकारी पीटर निसटला व त्याने क्रिक्टनला खबर दिली. तारायंत्रामुळे दूरच्या ठाण्यांमधील संदेश अल्पावधीत पोहोचत आणि फौजांच्या हालचाली जुळविता येत. त्यामुळे तारायंत्राच्या तळावरील हल्ल्याला सामरिक महत्त्व होते. मात्र ठार झालेले दोघे लढाईतील शिपाई नव्हते. या घटनेनंतर इंग्रजांची भूमिका अधिक कठोर झाली आणि पुढे बाबुरावांवरील कारवाईत ती निर्णायक ठरली.

अटक व फाशी

समोरासमोरच्या लढाईत बाबुराव हाती येत नाहीत, हे लक्षात आल्यावर क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. अहेरी ही या प्रदेशातील सर्वांत मोठी जमीनदारी होती. सहकार्य न केल्यास जमीनदारी गमवावी लागेल, असा इशारा त्यांना देण्यात आला. लक्ष्मीबाईंच्या रोहिल्यांनी बाबुरावांना भोपाळपट्टणम (आजच्या छत्तीसगडमधील विजापूर जिल्हा) येथे गाठून पकडले. परंतु त्यांच्या ताब्यातून ते निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पुन्हा पकडले आणि क्रिक्टनच्या स्वाधीन केले.

चांद्याच्या तुरुंगात त्यांच्यावर खटला चालला. सरकारविरुद्ध बंड केल्याबद्दल व तारायंत्र कर्मचाऱ्यांच्या हत्येबद्दल त्यांना मृत्युदंड देण्यात आला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तुरुंगाच्या आवारातील पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आले.

व्यंकटराव बस्तरमध्ये पळून गेले होते. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली व मालमत्ता जप्त करण्यात आली. अडपल्ली व घोट जमीनदारीतील गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून मिळाली.

पराभवाची कारणे

बाबुरावांच्या पराभवाचे कारण केवळ शस्त्रांच्या विषमतेत सापडत नाही. डोंगर व जंगल यांच्या आश्रयाने त्यांच्या दलाने बंदूकधारी फौजेला अनेकदा रोखले. त्यांना पकडले ते इंग्रज शिपायांनी नव्हे, तर त्याच प्रदेशातील दुसऱ्या जमीनदारीच्या माणसांनी. जंगलातील वाटा, पाणवठे व आश्रयाची गावे ही बाबुरावांची खरी ताकद होती. त्याच गोष्टी जाणणारा प्रतिस्पर्धी समोर आला तेव्हा ती ताकद निष्प्रभ झाली. जमीनदारी वाचविण्याचे लक्ष्मीबाईंवरील दडपणही दुर्लक्षिता येत नाही. १८५४ च्या विलीनीकरणात नागपूरसारखे मोठे राज्य नाहीसे झालेले त्यांनी पाहिले होते.

नंतरचे परिणाम

उठावानंतर देशभर शस्त्रांवरील सरकारी नियंत्रण वाढत गेले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा झाला. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलांतील शिकारीवर निर्बंध घालण्याचे अधिकार सरकारकडे आले. पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या रीतीने चालणारी पारध अशा रीतीने हळूहळू गुन्ह्याच्या कक्षेत आली. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर व्यापक बंदी घातली. या अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबरच धनुष्यबाणाचाही स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे शिकारीसाठी कोणते शस्त्र अधिक चांगले, हा एके काळी या जंगलातील रोजच्या व्यवहाराचा असलेला प्रश्न आता इतिहासाचा विषय बनला आहे.

लोककथा व स्मृती

बाबुरावांविषयी गोंड समाजात अनेक कथा प्रचलित आहेत. बांबूपासून केलेला एक विशेष पदार्थ खाल्ल्यामुळे त्यांच्या अंगी अलौकिक बळ आले होते, अशी एक आख्यायिका आहे. फाशी देताना दोर तीनदा तुटला, असे दुसरी कथा सांगते. या कथांना लेखी पुरावा नाही. तथापि ज्या बांबूपासून शिकाऱ्याचा कमठा तयार होतो, त्याच बांबूतून नायकाला शक्ती लाभल्याची कल्पना त्या समाजाचे जंगलाशी असलेले नाते दर्शविते.

चंद्रपूरच्या तुरुंग परिसरातील पिंपळ हे बाबुरावांचे स्मृतिस्थळ मानले जाते. दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आदिवासी बांधव तेथे अभिवादनासाठी जमतात. बाबुरावांच्या काळी चांदा हा एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे त्यांचे जन्मस्थान आज गडचिरोली जिल्ह्यात, तर त्यांना फाशी दिल्याचे ठिकाण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. दोन्ही जिल्ह्यांत त्यांचा उल्लेख वीर बाबुराव शेडमाके असा आदराने केला जातो.